पढने का बोकड

चाचा दुकानात येणाऱ्याला मटण किती पाहिजे हे आधी विचारत नसत. हातातला सुरा ठोकळ्यावर आडवा ठेवायचा आणि मान वर न करता एवढंच विचारायचं, "खाने कू या पढने कू?"

बाकी सगळी परभणी खायला येत असे. पढायला येणारा मी एकटा. खाण्याचं मटण चाचा ठोकळ्यावर खटाखट तोडायचे, तोडताना बाजारातल्या बातम्याही सांगायचे. पढण्याचं मटण मात्र बाजूला, ॲल्युमिनियमच्या ताटात, ओल्या फडक्याखाली झाकलेलं असे. त्यासाठी एक बारीक सुरी वेगळी होती आणि ती लागली की चाचांचं बोलणं बंद व्हायचं. घाईतलं एखादं गिऱ्हाईक त्या ताटाकडं बोट दाखवून "चाचा, त्यातलंच द्या की," म्हणायचं. चाचा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "वो नक्को. वो कालेज का हाय." गिऱ्हाईक दचकून एक पाऊल मागं सरकायचं. कॉलेजचं म्हणजे नेमकं कोण, हे विचारायची हिंमत कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मी वालूरचा. आमचं घर लिंगायत, धंदा आडतीचा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घरात अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी आई कानावर हात ठेवायची. मी डॉक्टर व्हावं असं माझ्याशिवाय कुणालाही वाटत नव्हतं. वडिलांना, म्हणजे आप्पांना, मी दुकानाच्या गादीवर हवा होतो. परभणीच्या होमिओपॅथी कॉलेजात मला जागा मिळाली तेव्हा त्यांनी फार वाद घातला नाही, फक्त अट सांगितली. "एक वरीस देतो. पहिल्या वर्षाला गचकलास की बिस्तरा गुंडाळायचा आन् थेट गादीवर बसायचं. फिरून कॉलेजाचं नाव काढायचं न्हाई." आप्पा रागावून बोलत तेव्हा मी फारसं मनावर घेत नसे. ते शांतपणे बोलले की मात्र ती काळ्या दगडावरची रेघ असायची, आणि हे ते शांतपणे बोलले होते.

कॉलेज एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये भरायचं. छताच्या लोखंडी कैच्यांना अजून कापूस चिकटलेला असे आणि सर फळ्यावर मज्जारज्जू काढत असताना त्यातला एखादा पुंजका त्यांच्या डोक्यावर येऊन बसे. शरीररचनेच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी ताटात बोकडाचा मेंदू आणला. मला तो दिसला एवढं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट मैदानावरचं आकाश. सरांचा एक नियम होता: ज्याला चक्कर येते त्यानंच वर्षभर सामान आणायचं, म्हणजे भीती मोडते. अशा रीतीनं सत्तर जणांच्या वर्गात सगळ्यात सोवळ्या घरचा पोरगा दर गुरुवारी खाटकाच्या दारात जाऊ लागला. गुरुवार एवढ्यासाठी की त्या दिवशी बरेच जण खात नाहीत, दुकान रिकामं असतं आणि चाचांना सवड असते.

पहिल्या दिवशी मी डबा पुढं केला आणि डोळे गच्च मिटून घेतले. चाचांनी बराच वेळ काही दिलंच नाही. शेवटी म्हणाले, "डाक्टर, आँखा खोल. आँखा बंद करके दुवा होती, पढाई न्हाई होती." त्या दिवसापासून मी त्यांचा डाक्टर. परीक्षा व्हायची होती, पदवी फार लांब होती, आप्पांची गादी जवळ होती. पण चाचांच्या लेखी तो प्रश्न निकालात निघालेला होता. माझ्या गळ्यातलं लिंगही त्यांनी त्याच दिवशी पाहिलं असावं. कारण चहा त्यांनी घरातून न मागवता समोरच्या हॉटेलातून मागवला, आणि पोऱ्याला ओरडून सांगितलं, "कप धोके ला रे, साफ आदमी हाय." मला ओशाळायला झालं, पण चहा मी प्यालो.

माझी खरी भीती रक्ताची नव्हती, वालूरच्या माणसांची होती. डबा मी पिशवीत, पिशवी छत्रीत आणि छत्री सायकलच्या दांडीला अशी बांधून नेत असे. तरी व्हायचं ते झालंच. एका गुरुवारी मोटारीचं सामान घ्यायला आलेले माझे सख्खे मामा दुकानासमोर उभे राहिले. "अरे बसू, तू? आन् हितं?" माझ्या हातात उघडा डबा, डब्यात दोन मूत्रपिंडं. मी झाकण शोधू लागलो. चाचा मात्र झटकन उठले, हात पुसले, मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहब, तपास लिया ना पूरा? सब साफ हाय ना? अब एक सही मार दो." त्यांनी पुढं केलेल्या पुड्याच्या कागदावर मी सही केली. मामांनी माझ्याकडं पाहिलं, चाचांकडं पाहिलं, आणि नकळत स्वतःची टोपी सारखी केली.

आठ दिवसांनी आप्पांचं कार्ड आलं. "नगरपालिकेत तपासनीस झाल्याचे तुझ्या मामांकडून कळले. तू कळविले नाहीस याचे वाईट वाटले. शिक्षण सांभाळून नोकरी करावी. तब्येतीस जपावे." मी खुलासा करणारं पत्र लिहायला बसलो आणि तेवढ्यात त्याच दिवशी एस.टी.नं आलेल्या डब्यातलं तूप नेहमीच्या दुप्पट आहे असं लक्षात आलं. पत्र राहूनच गेलं. चाचांना हे सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठोकळ्याचा आधार घ्यावा लागला. पुढं कित्येक दिवस मी आलो की ते सुरा खाली ठेवून विचारत, "साहब, आज धाड तो न्हाई ना?"

शिकवण्याची त्यांची रीत अशी. हृदय हातात घ्यायचं, बारीक सुरीनं त्याची एक बाजू पुस्तकासारखी उघडायची आणि वरून तांब्यानं पाणी सोडायचं. "पानी गया?" "गेलं." "अब उलटा कर. वापस आया?" पाणी परत येत नसे. आतले पातळ पडदे फुगून एकमेकांना भिडलेले दिसत. "ये पडदा दरवान हाय. आने देता, जाने न्हाई देता. दरवान सो गया, के आदमी गया." वर्गात सरांनी हेच सव्वा तास सांगितलं होतं आणि मी वहीत सगळं उतरवूनही घेतलं होतं, पण कळलं ते या तांब्याभर पाण्यानं. फुप्फुसाच्या धड्याला ते श्वासनळीत सायकलच्या पंपाची नळी घालायला लावत. मी पंप मारायचा, आणि ते गुलाबी लिबलिबीत प्रकरण हळूहळू फुगून ताटाबाहेर यायचं. पहिल्यांदा ते फुगलं तेव्हा मी पंप टाकून पळालो होतो. चौथ्यांदा मी शेजारच्या पानवाल्याला दाखवायला बोलावलं.

चाचांना अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी ते अंगठा लावत. पण माझ्या जाड इंग्रजी पुस्तकाबद्दल त्यांना फार उत्सुकता होती. मी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायचा. चाचा ऐकून घेत, ताटातली वस्तू उघडत, नीट न्याहाळत, आणि मग निकाल देत. "बराबर लिख्या," म्हणाले की मी समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचा. परदेशातल्या कुणा मोठ्या प्राध्यापकानं लिहिलेलं ते पुस्तक अशा रीतीनं परभणीत पानापानाला तपासून निघत होतं. यकृताचं प्रकरण त्यांना विशेष आवडलं. "ये आदमी ने खुद खोल के देख्या हाय. सुनी-सुनाई न्हाई लिख्या," असं प्रशस्तिपत्र त्यांनी दिलं. ते लेखकाला कळवता आलं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

घोटाळा झाला तो छातीच्या पिंजऱ्याच्या प्रकरणात. आमच्या कॉलेजात माणसाचा एक सांगाडा होता, पण तो काचेच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडं. तपासणीला कुणी आलं की तो बाहेर निघायचा, एरवी पोरं हात लावून मोडतील म्हणून आत. तशात त्या वर्षी नामांतराच्या आंदोलनात सगळं बंद झालं. कॉलेजला कुलूप, एस.टी. बंद, रस्त्यावर पोलीस. वर्गातली काही मुलं कुठं गेली, कशी आहेत, कळायला मार्ग नव्हता. फार वाईट दिवस होते ते, आणि मी घाबरलो होतो हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. वालूरला जाता येईना, खोलीवर बसवेना. दुपारी गल्ली शांत असली की मी पुस्तक घेऊन चाचांकडं जायचा. दुकानाची एकच फळी उघडी असे. आत आकड्याला टांगलेलं एखादंच बोकड, आणि आम्ही दोघं.

"बरगड्यांच्या जोड्या बारा," मी वाचलं.

चाचांनी आकड्याच्या बोकडावर बोट फिरवलं. "तेरा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग मी स्वतः मोजल्या. एका बाजूनं तेरा, दुसऱ्या बाजूनं तेरा. दुसऱ्या दिवशी दुसरं बोकड आलं, त्याच्याही तेरा. चाचांना लेखकाबद्दल मनापासून वाईट वाटलं. "इत्ती मोटी किताब हाय, बिचारा थक गया होगा. एक छुट गयी." मी लाल पेन काढलं आणि पुस्तकातला बारा हा आकडा खोडून स्वच्छ अक्षरात तेरा लिहिला. आज कुणी विचारील, अरे शहाण्या, स्वतःच्या छातीला हात लावून का नाही पाहिलास? तर त्याचं उत्तर आप्पांनी दुप्पट पाठवलेल्या तुपात आहे. माझी एकही बरगडी त्या काळात हाताला लागत नव्हती. शिवाय वर्षभरात चाचांचं एकदाही चुकलं नव्हतं. कॉलेज उघडल्यावर माझ्या दोन मित्रांनी ही दुरुस्ती आपापल्या पुस्तकात उतरवून घेतली. त्यांचं नशीब थोर, तोंडी परीक्षेत त्यांना मेंदू आला.

मला बरगड्या आल्या.

बाहेरगावचे परीक्षक जाड भिंगाचा चष्मा लावून बसले होते. "जोड्या किती?"

"तेरा," मी खणखणीत आवाजात सांगितलं.

आमचे सर खोकले. परीक्षकांनी चष्मा काढला. "पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात बारा आहे सर. पण ती छपाईची चूक आहे."

"असं? कुणी शोधून काढली?"

"मी स्वतः मोजल्यात सर. दोन्ही बाजूंनी."

"कुणाच्या?"

हा प्रश्न कानावर पडला आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. पण आता उपयोग नव्हता. सर खिडकीबाहेर बघत होते. मी अगदी बारीक आवाजात म्हणालो, "बोकडाच्या."

"मग दवाखाना कुणासाठी काढणार आहात?" परीक्षक म्हणाले. त्यांनी माझ्या नावापुढं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशीही चालणार होती, शाईनं गुण भरायचे ते त्यानंतर. बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "बसवराज, पास होणं अवघड दिसतंय रे." मला समोर वालूरची गादी दिसली, तिच्यावरचा तक्क्या दिसला, आणि रडू यायला लागलं.

तसाच चाचांकडं गेलो. सगळं ऐकल्यावर त्यांनी सुरा खाली ठेवला. मग उठून दारात आले आणि त्यांनी टांगेवाल्या बाबूमियाँला हाक मारली. बाबूमियाँ इतका किडकिडीत होता की घोड्याला त्याचं ओझं कळतच नसेल. "कमीज उप्पर कर." "कायकू?" "कर बोल्या ना." चाचांनी त्याच्या बरगड्या मोजल्या. बारा. त्याला फिरवून दुसऱ्या बाजूनं मोजल्या. बारा. बाबूमियाँ गुदगुल्यांनी वाकडा होत होता. मग पानवाल्याला बोलावलं, मग हॉटेलच्या पोऱ्याला. भर बाजारात तीन माणसं सदरे वर करून उभी, आणि चाचा कपाळावर घाम घेऊन एकेकाची छाती चाचपताहेत. बघे जमले. कुणीतरी विचारलं, दवाखान्याची माणसं आलीत का. तिघांच्याही बारा भरल्या तेव्हा चाचांनी हात खाली घेतले. ते आत येऊन बसले. "चालीस साल से यही काम करता," ते म्हणाले, "मेरे कू लगा सबके तेरा. मैं तेरे कू गलत पढाया, डाक्टर." मी माझं रडं विसरलो. माणसाला इतकं शरमलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉलेजात आले. पांढरा झब्बा, टोपी, अत्तर. शिपायाला वाटलं संस्थेचे कुणी नवे पाहुणे आहेत, त्यानं थेट परीक्षकांच्या खोलीत नेऊन सोडलं. मी दारातच उभा होतो.

"साब, गुनाह मेरा हाय," चाचा हात जोडून म्हणाले. "पोरानं माझ्यावर इस्वास टाकला. मी त्येला बोकड शिकवलं. त्येचे मार्क काटू नका."

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी पढने का बोकड देतो साब. कालेज कू."

परीक्षकांनी आमच्या सरांकडं पाहिलं. सरांनी मान खाली घालून होकार दिला. परीक्षक म्हणाले, "शिफारशीवर गुण देता येत नाहीत, चाचा."

"नक्को देऊ. पर एक बार मेरे कू आदमी दिखाव. मैं कभी देख्याच न्हाई."

परीक्षकांनी किल्ली मागवली. प्राचार्य स्वतः किल्ली घेऊन आले. कपाट उघडलं. चाचांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि सांगाड्यासमोर जाऊन उभे राहिले. हात न लावता, बोट दोन इंचांवर धरून त्यांनी मोजलं. बारा. मान हलवली. मग आमच्याकडं वळून त्यांनी विचारलं, "ये कौन था?"

"कलकत्त्याहून आलेला आहे," सर म्हणाले. "बिल आहे आपल्याकडे."

"नाव?"

बिलावर नाव नव्हतं.

"गाव कंचं? हिंदू था के मुसलमान?"

प्राचार्यांनी सरांकडं पाहिलं, सरांनी माझ्याकडं. चाचांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "माझ्याकडचं बोकड कंच्या बाजारचं, कुनाच्या दावनीचं, मला समदं ठाव असतंय. ताडकळसचं का गंगाखेडचं, इचारा. आन् ह्या मानसाचं तुमाला कायच ठाव न्हाई?" मग ते पुन्हा सांगाड्याकडं वळले. "मग मला जे येतं ते म्हनतो. त्याला चालंल." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. परीक्षक खुर्चीवरून उठून उभे राहिले. ते उठले म्हणून सर उठले. मी उभाच होतो, पण मला वाटतं तेव्हा मी पहिल्यांदा नीट उभा राहिलो.

चाचा चपला घालून निघून गेले. परीक्षकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि मला आत बोलावलं. "तुमची परीक्षा काल संपलेली नव्हती," ते म्हणाले. "इथं उभे राहा. बोकडात आणि ह्यांच्यात काय काय फरक आहे, सांगा."

ह्यांच्यात, असं म्हणाले ते.

मी सांगत सुटलो. बोकडाच्या पोटाचे चार कप्पे आणि माणसाचा एक. बोकडाला वरचे पुढचे दात नाहीत. बोकडाला गळ्याखालचं आडवं हाड नाही, माणसाला आहे. उजव्या फुप्फुसाचे त्याचे किती भाग, आपले किती. हृदयाचे पडदे दोघांचे कसे सारखे, आणि त्यांवरून पाणी परत का येत नाही. काही पुस्तकातलं, पण बरंचसं हातातलं. परीक्षकांनी मध्ये अडवलं नाही. अर्ध्या तासानं म्हणाले, "पुरे." निकाल लागला तेव्हा शरीररचनेत मी वर्गात दुसरा होतो. आप्पांनी गादीवरचा तक्क्या माझ्या धाकट्या भावाला दिला.

चाचा गेले तेव्हा माझा गंगाखेडचा दवाखाना जुना झाला होता. निरोप दुपारी मिळाला. पेशंट तसेच सोडून मिळेल त्या गाडीनं परभणी गाठली आणि कब्रस्तानात पोचलो तेव्हा माती देणं सुरू झालं होतं. आमच्यातही पुरतातच, त्यामुळं काय करायचं ते मला कुणी सांगावं लागलं नाही. कपाळाला विभूती होती, ती पुसायचंही सुचलं नव्हतं. मी मागं, भिंतीकडेला उभा होतो. एका म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आप कौन, भाई?"

"मी त्यांचा विद्यार्थी," मी म्हणालो.

"चाचा तो अंगूठा लगाते थे," तो बुचकळ्यात पडून म्हणाला.

"हौ," मी म्हणालो. "मी त्यांच्याकडंच शिकलो. मी डॉक्टर आहे."

म्हाताऱ्यानं माझ्या दंडाला धरलं, गर्दीतून वाट काढत मला पुढं नेलं, आणि चाचांच्या थोरल्या मुलाला जरा सरकायला सांगून त्याच्या शेजारी मला जागा करून दिली.